संकेतस्थळाची मांडणी आणि शोधसुलभता : एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

ग्रंथालयात एखादा ग्रंथ उत्तम कागदावर छापलेला, सुबक अक्षरांचा आणि देखण्या बांधणीचा असावा, परंतु सूचीत त्याची नोंदच नसावी, अशी कल्पना केली तर त्या ग्रंथाची जी अवस्था होईल, तीच आज अनेक संकेतस्थळांची झालेली दिसते. उलटपक्षी, ज्याच्या नोंदी दहा ठिकाणी सापडतात, पण हाती घेतल्यावर ज्याची दोन पानेही वाचवत नाहीत, असाही ग्रंथ असू शकतो. आणि तशा संकेतस्थळांचीही वाण नाही. पहिला दोष केवळ दृश्य सौंदर्याकडे पाहण्यातून उद्भवतो, दुसरा केवळ शोधयंत्राकडे पाहण्यातून.

संकेतस्थळ शोधयंत्रास सहज सापडावे आणि समजावे म्हणून जे उपाय योजले जातात, त्यांस व्यवहारात सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन असे म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘शोधसुलभता’ हा शब्द वापरला आहे. शोधसुलभता आणि आधुनिक मांडणी ह्यांच्यात स्वभावतःच विरोध आहे, एकीचा लाभ तो दुसरीचा तोटा, असा समज बराच रूढ आहे. हा समज कितपत खरा आहे, आणि विद्यापीठीय विभागांच्या, विशेषतः मराठीतून लेखन करणाऱ्यांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व काय, हे पाहणे हा ह्या लेखाचा उद्देश आहे.

ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांस हा प्रश्न अगदीच नवा वाटू नये. डॉ. रंगनाथन ह्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांत ग्रंथास त्याचा वाचक मिळण्याचा आणि वाचकाचा वेळ वाचविण्याचा अशा दोन्ही गोष्टींचा अंतर्भाव आहे. शोधसुलभता पहिल्या गोष्टीशी निगडित आहे. मांडणी बव्हंशी दुसऱ्या. एकाच शास्त्राच्या नियमांत दोहोंना शेजारी स्थान मिळते, ही गोष्टच त्यांच्यातील विरोध मूलभूत नसावा असे सुचविते.

२. शोधयंत्र पान कसे वाचते

शोधयंत्राचे कार्य स्थूलमानाने तीन टप्प्यांत चालते. प्रथम क्रॉलर नावाचा संगणक-कार्यक्रम एका पानावरील दुव्यांवरून दुसऱ्या पानाकडे असा प्रवास करीत पाने गोळा करतो. नंतर त्या पानांतील शब्द वेगळे काढून कोणता शब्द कोणत्या पानात कोठे आला, ह्याची सूची केली जाते. शेवटी, कोणी प्रश्न विचारला म्हणजे त्या सूचीतून उपयुक्त पाने निवडून त्यांचा क्रम लावला जातो. प्रश्न विचारला त्या क्षणी यंत्र जगभरची पाने धुंडाळीत नसून आधी करून ठेवलेली सूचीच पाहत असते, हे ध्यानात घेतले पाहिजे. जे सूचीत शिरले नाही, ते शोध घेणाऱ्याच्या दृष्टीने नसल्यासारखेच होय.

सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज ह्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना १९९८ मध्ये आपल्या शोधयंत्राचे वर्णन करणारा एक निबंध प्रसिद्ध केला. त्या वेळी त्यांच्या संग्रहात सुमारे २ कोटी ४० लाख पाने होती. दुव्यांच्या साहाय्याने पानांचे महत्त्व ठरविण्याच्या पद्धतीसाठी हा निबंध विख्यात आहे. परंतु त्यातील एका तपशिलाकडे फारसे लक्ष दिले जात नाही. हे यंत्र प्रत्येक शब्दाबरोबर त्याचे पानातील स्थान तर नोंदवीच, पण तो शब्द भोवतालच्या मजकुराच्या मानाने किती मोठ्या अक्षरांत आहे, हेही नोंदवी. पानाच्या शीर्षकातील आणि दुव्यांतील शब्द ते वेगळे धरी. एवढेच नव्हे, तर दुव्यातील शब्दांचा संबंध तो दुवा ज्या पानाकडे नेतो त्या पानाशीही जोडी.

ह्यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, अक्षरांचा लहानमोठेपणा हा अर्थाचा निदर्शक म्हणून प्रारंभापासूनच जमेस धरला गेला होता; म्हणजे मांडणी आणि शोध ह्यांचे नाते शोधयंत्राइतकेच जुने आहे. दुसरी अशी की, ‘येथे क्लिक करा’ असा दुवा लिहिणारा लेखक वाचकास आणि यंत्रास सारखाच अंधारात ठेवतो. ‘अहिराणी बोलीची शब्दसूची’ असा दुवा लिहिणारा दोघांचेही काम सोपे करतो.

३. आशयाची रचना आणि दृश्य रूप

टिम बर्नर्स-ली ह्यांनी जिनिव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये मांडलेल्या प्रस्तावातून वर्ल्ड वाइड वेबचा उगम झाला आणि १९९१ मध्ये ती जगापुढे आली. तिच्यासाठी तयार झालेल्या एचटीएमएल ह्या खूणभाषेचा मूळ हेतू मजकुरातील घटकांचे कार्य सांगणे हा होता. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, एवढेच ती सांगे. ते दिसावे कसे, ह्याविषयी ती जवळजवळ मौन पाळी. मुद्रणकलेत मुरलेल्या माणसांस हे रुचणे शक्य नव्हते. त्यांनी कोष्टकांसाठी असलेल्या खुणा वापरून पानाचे रकाने पाडले, पारदर्शक चित्रांचे तुकडे घालून मजकूर हवा तिकडे सरकविला आणि शीर्षकाची खूण करण्याऐवजी साध्या शब्दांनाच मोठे व ठळक केले. पाने देखणी झाली, परंतु शीर्षक कोणते आणि टीप कोणती हे सांगणारी चौकट मोडून पडली.

ह्यावर तोडगा म्हणून हाकोन व्यूम ली ह्यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये सीएसएस ह्या स्वतंत्र दृश्यभाषेची कल्पना मांडली. डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती अधिकृत शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली. मजकूर आणि त्याची रचना एका ठिकाणी, रंग, अंतरे व अक्षरवळण दुसऱ्या ठिकाणी, अशी ही विभागणी होती. तिचे सामर्थ्य सामान्य रचनाकारांस पटावयास मात्र काही वर्षे जावी लागली. २००३ मध्ये कॅनडातील रचनाकार डेव्ह शे ह्यांनी ‘सीएसएस झेन गार्डन’ नावाचे संकेतस्थळ उघडले. तेथे मजकुराचे मूळ पान एकच होते. निरनिराळ्या रचनाकारांनी त्यातील एकही अक्षर न बदलता केवळ दृश्यभाषेच्या बळावर त्याला एकमेकांशी अजिबात साम्य नसलेली रूपे दिली. माणसाच्या डोळ्यास ती वेगवेगळी पाने होती. मजकुराची खूणरचना मात्र प्रत्येक वेळी तीच होती.

हे उदाहरण आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जाते. विरोध सौंदर्य आणि शोध ह्यांच्यात नाही. जो अर्थ मजकुराच्या रचनेत असावयास हवा, तो केवळ दृश्य रूपावर सोपविला म्हणजे विरोध निर्माण होतो.

४. दोन अतिरेक

ह्या तत्त्वाचा भंग दोन्ही बाजूंनी झालेला आहे. रचनाकारांच्या बाजूचे ठळक उदाहरण म्हणजे फ्लॅश हे तंत्र. १९९६ पासून लोकप्रिय झालेल्या ह्या तंत्राने हालती चित्रे, ध्वनी आणि मनासारखी अक्षरे पानात आणता येत. अनेक संस्थांची संपूर्ण संकेतस्थळे एकाच फ्लॅश-पेटीत बसविलेली असत. त्या पेटीतील शब्द क्रॉलरच्या हाती सहजी लागत नसत आणि तिच्यातील निरनिराळ्या भागांना स्वतंत्र पत्ता नसल्याने त्यांच्याकडे दुवाही देता येत नसे. २००८ मध्ये गूगलने फ्लॅशमधील मजकूर वाचण्याची सुधारित व्यवस्था जाहीर केली. २०१९ मध्ये ती थांबविण्याचे ठरविले. आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी कंपनीने त्या तंत्राचा पाठिंबाच संपविला. ज्यांचा मजकूर त्या पेटीबाहेर कोठेच नव्हता, त्यांना तो नव्याने लिहून काढण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

दुसऱ्या बाजूचे उदाहरण बीएमडब्ल्यू ह्या मोटार-कंपनीच्या जर्मन संकेतस्थळाचे आहे. मोटारींच्या भव्य छायाचित्रांनी सजलेल्या पानांत शब्द थोडे होते. ही उणीव भरून काढण्यासाठी क्रॉलरला दिसतील अशी वेगळी पाने तयार करण्यात आली. त्यांत ‘जुन्या मोटारी’ ह्या अर्थाचा जर्मन शब्द पुनःपुन्हा पेरलेला होता. माणूस तेथे पोहोचताच मात्र त्याला तत्काळ छायाचित्रांच्या पानाकडे वळविले जाई. फेब्रुवारी २००६ मध्ये गूगलने हे संकेतस्थळ आपल्या सूचीतून काढून टाकले. ती पाने हटविल्यावर काही दिवसांतच ते पुन्हा दाखल झाले. येथे मांडणी आणि शोधसुलभता ह्यांचा समन्वय साधण्याऐवजी दोघांसाठी दोन मुखवटे तयार केले गेले. दोष छायाचित्रांचा नव्हता. जुन्या मोटारींविषयी जी माहिती ग्राहकाला खरोखर हवी होती, ती त्याच पानावर साध्या शब्दांत देता आली असती.

५. आजच्या मांडणीतील तीन अडचणी

फ्लॅशचा काळ संपला असला, तरी त्या अडचणी नव्या रूपाने उभ्या आहेत. त्यांपैकी तीन विशेष महत्त्वाच्या आहेत.

पहिली अडचण जावास्क्रिप्टची. आज पुष्कळ संकेतस्थळे वाचकाच्या ब्राउझरकडे जवळजवळ कोरे पान पाठवितात आणि मजकूर तेथे गेल्यावर जावास्क्रिप्टच्या साहाय्याने भरतात. गूगलचा क्रॉलर २०१९ पासून क्रोम ब्राउझरच्या अद्ययावत आवृत्तीच्या आधारे अशी पाने चालवून पाहतो. तथापि पान आणणे आणि ते चालवून पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत व त्यांच्यामध्ये काळ जाऊ शकतो. शिवाय सर्वच शोधयंत्रे एवढे श्रम घेतात असे नाही. क्रॉलर माणसाप्रमाणे कळ दाबत नाही वा पान खाली सरकवीत बसत नाही, हेही विसरता कामा नये. म्हणून ‘आणखी पाहा’ ही कळ दाबल्यावरच जो मजकूर सर्व्हरकडून मागविला जातो, तो सूचीत जाईलच अशी खात्री देता येत नाही. तोच मजकूर पानात आधीपासून असेल आणि केवळ घडी घालून ठेवलेला असेल, तर मात्र ही अडचण येत नाही.

दुसरी अडचण लहान पडद्याची. ईथन मार्कॉट ह्यांनी २०१० मध्ये पडद्याच्या रुंदीप्रमाणे एकाच पानाचे रूप बदलण्याची पद्धत सुचविली आणि ती सर्वमान्य झाली. परंतु फोनच्या आवृत्तीत पान सुटसुटीत दिसावे म्हणून परिच्छेदच्या परिच्छेद गाळण्याची प्रथा काही ठिकाणी अजून आहे. गूगलने २०१६ मध्ये फोनवरील आवृत्तीलाच सूचीचा आधार मानण्याचे धोरण जाहीर केले आणि हे संक्रमण २०२३ मध्ये पूर्ण झाले. त्यामुळे फोनवर जे गाळले, ते सूचीतूनही गळते.

तिसरी अडचण वेगाची. मोठी चित्रे, चलच्चित्रे आणि निरनिराळे टंक ह्यांनी पान जड होते. गूगलने २०२० मध्ये पानाचा अनुभव मोजण्याची तीन मापे जाहीर केली आणि २०२१ पासून ती क्रमवारीच्या अनेक निकषांत समाविष्ट केली. पानातील सर्वांत मोठा दृश्य घटक २.५ सेकंदांच्या आत दिसावा. वाचकाच्या कृतीस २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा (हे माप मार्च २०२४ मध्ये जुन्या मापाच्या जागी आले). आणि वाचन सुरू असता मजकूर जागेवरून हलण्याचे प्रमाण ०.१ पेक्षा अधिक नसावे. ही मापे क्रमवारीचा एक लहानसा भाग आहेत. निरुपयोगी पान केवळ वेगाच्या बळावर वर येत नाही. पण येथे शोधयंत्र जे मागते, तेच चांगल्या रचनाकारानेही मागावयास हवे, हे उघड आहे.

६. मराठी मजकुराचा विशेष प्रश्न

आतापर्यंतचे विवेचन कोणत्याही भाषेस लागू पडणारे आहे. मराठीपुरता हा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण आपल्याकडे दृश्य आणि आशय ह्यांची फारकत अक्षराच्याच पातळीवर झाली.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मराठीतील अनेक संकेतस्थळे विशिष्ट टंकांवर, म्हणजे फाँटवर, अवलंबून होती. ह्या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. उदाहरणार्थ, ‘कृतिदेव’ टंकात ‘क’ ही आकृती रोमन ‘डी’ च्या जागी येते. वाचकाला शुद्ध देवनागरी दिसे. यंत्राला मात्र अर्थहीन रोमन अक्षरांची माळ. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरीला स्वतःचे संकेतांक होते आणि त्यांची व्यवस्था १९८८ च्या ‘इस्की’ ह्या भारतीय संकेतप्रणालीवर आधारलेली होती. तरीही बदल सावकाश झाला. संकेतस्थळांवरून जुने टंक आता बहुतांशी गेले आहेत; पण त्याच टंकांत जुळवून पीडीएफ स्वरूपात चढविलेले शोधनिबंध, नियतकालिकांचे अंक आणि अहवाल अद्यापि तसेच आहेत. ते डोळ्यांना निर्दोष दिसतात, म्हणूनच त्यांचा दोष कोणाच्या लक्षात येत नाही.

चित्ररूप मजकुराची गोष्ट अशीच आहे. परिसंवादाची सूचना, व्याख्यानाची पत्रिका किंवा प्रबंधांची यादी सुंदर भित्तिपत्रकाच्या चित्रात दिली म्हणजे काम संपले असे मानले जाते. शोधयंत्रे चित्रावरून अक्षरे ओळखण्याचा प्रयत्न करतात, परंतु जोडाक्षरांनी युक्त अशा देवनागरीत आणि त्यातही सजावटीच्या वळणांत त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. पडदावाचकाच्या साहाय्याने वाचणाऱ्या अंध विद्यार्थ्यालाही त्या चित्रात काही ऐकू येत नाही. क्रॉलर आणि अंध वाचक ह्यांच्या गरजा येथे पुष्कळशा समान आहेत. फरक इतकाच की, दुसऱ्याच्या बाबतीत प्रश्न क्रमवारीचा नसून हक्काचा असतो.

आणखी एक सूक्ष्म बाब. ‘दुसऱ्या’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो : एकदा नुक्तायुक्त ‘ऱ’ वापरून, आणि एकदा साध्या ‘र’ नंतर हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संकेतांकांच्या क्रमात ती भिन्न असतात. मोठी शोधयंत्रे असे भेद बरेचसे सांभाळून घेतात, पण संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील साधी शोधव्यवस्था ते सांभाळीलच असे नाही. तीच गोष्ट विभक्तिरूपांची. ‘शेतकरी’ हा शब्द शोधणाऱ्याला ‘शेतकऱ्यांच्या’ हे रूप असलेले पान सापडेलच, अशी हमी नसते. म्हणून शीर्षकात किंवा आरंभीच्या परिच्छेदात विषयाचे मूळ नाव सरळ रूपात एकदा तरी यावे, हे बरे. ह्याला शब्दांची पेरणी म्हणता येणार नाही. प्रतिपाद्य विषय आरंभीच सांगावा, हा निबंधलेखनाचा जुनाच नियम आहे.

७. समन्वयाचे निकष

असे असले, तरी सर्व विरोध केवळ भासमान आहेत असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. काही ठिकाणी खरोखरच निवड करावी लागते. देवनागरी टंकात जोडाक्षरांसाठी शेकडो आकृत्या असल्याने त्याची फाइल बहुधा रोमन टंकापेक्षा जड असते. तीन सुंदर टंक घ्यावयाचे की एक घेऊन पान हलके ठेवावयाचे, हा खरा पेच आहे. पानाचा पत्ता देवनागरीत ठेवावा काय, हा दुसरा. देवनागरीतील प्रत्येक संकेतांक पत्त्यात उलगडला की नऊ चिन्हे घेतो. ‘विद्यापीठ’ हा एकच शब्द पत्रात उतरविताना ८१ चिन्हांचा होऊ शकतो. येथे पत्ता रोमन लिपीत आखूड ठेवून शीर्षक देवनागरीत स्पष्ट देणे हे प्रस्तुत लेखकास अधिक व्यवहार्य वाटते. परंतु ह्याविषयी मतभेदास जागा आहे. लेखाचे शीर्षक सूचक असावे की वर्णनात्मक, हा तिसरा पेच. सूचक शीर्षकास वर्णनात्मक उपशीर्षकाची जोड देऊन मराठी लेखकांनी तो छापील युगातच सोडविलेला आहे.

अशा प्रसंगी निर्णयाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम मजकूर पूर्ण लिहावा. नंतर त्याची रचना, म्हणजे शीर्षके, उपशीर्षके, याद्या व दुवे, निश्चित करावी. दृश्य रूपाचा विचार त्यानंतर यावा. हा क्रम पाळल्यास रचनाकाराचे स्वातंत्र्य कमी होत नाही, हे झेन गार्डनच्या उदाहरणाने दाखविलेच आहे. क्रम उलटा झाला, म्हणजे चौकट आधी आखून तिच्या रिकाम्या जागेत मावेल एवढा मजकूर मागितला गेला, की शोधसुलभता ही नंतर करावयाची ठिगळजोड होते आणि बीएमडब्ल्यूच्या पानांसारखे उपाय सुचू लागतात.

८. उपसंहार

ह्या विवेचनाची परीक्षा कोणासही पाहता येईल. आपल्या विभागाच्या संकेतस्थळावरील एखादे पान उघडावे, त्यातील एक ओळ निवडून नक्कल करावी आणि कोऱ्या पानावर चिकटवावी. ओळ निवडताच आली नाही, तर ते चित्र आहे. चिकटविल्यावर अर्थहीन रोमन अक्षरे उमटली, तर टंक जुना आहे. शुद्ध मराठी उमटली, तर दृश्यभाषा काढून टाकून तेच पान पुन्हा पाहावे आणि त्यातील शीर्षक, क्रम व दुवे तेवढ्यावर समजतात का, ते तपासावे. ह्या परीक्षेस पाच मिनिटेही लागत नाहीत.

ती घेणे का आवश्यक आहे, हे सांगून हा लेख पुरा करू. विद्यार्थी विषय निवडताना आज प्रथम शोधयंत्राकडे वळतो. त्याच विषयावर पूर्वी झालेला प्रबंध त्याला सापडला नाही, तर कोणी काही केलेच नाही असे तो समजतो. एकाचे चार वर्षांचे श्रम वाया जातात आणि दुसऱ्याचे पुन्हा आरंभापासून सुरू होतात. अलीकडे शोधयंत्रे पानांची यादी देण्यापूर्वी यंत्राने रचलेले उत्तरही देऊ लागली आहेत. ते उत्तर ज्या मजकुरावर आधारलेले असते, त्यात मराठी संशोधन वाचनीय स्वरूपात नसेल, तर मराठी समाजाविषयीचे उत्तरही इतरांच्या लेखनावरून रचले जाईल. प्रबंधांच्या याद्या, सारांश आणि जुने अंक खऱ्या अक्षरांत आणणे हे काम कंटाळवाणे आहे व त्याचे श्रेयही फारसे मिळत नाही. तरीही प्रत्येक विभागाने ते आपल्या यादीपासून आरंभावे. प्रबंधाचे नाव, संशोधकाचे नाव, वर्ष आणि दहा ओळींचा सारांश, एवढ्याने सुरुवात पुरेशी होईल.